विश्लेषण : अठराव्या वर्षानंतर बेवारस दिव्यांगांनी जायचे कुठे? वऱ्हाडातील ‘वझ्झर’ काय सांगते?

अठरा वर्षे पूर्ण झाली की बहुतेक घरांत मतदार यादीत नाव येते, वाहन परवान्याची धावपळ सुरू होते. बालगृहात वाढलेल्या बेवारस मुलाच्या बाबतीत मात्र त्या दिवशी कायद्यातील ‘बालक’ ही ओळख संपते आणि बालगृहातील हक्काची जागाही. ते मूल धडधाकट असेल तर कुठेतरी काम शोधेल, खोली करून राहील. पण ज्याला दिसत नाही, बोलता येत नाही किंवा स्वतःच्या हाताने जेवताही येत नाही, त्याने काय करायचे? अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी तीन दशकांपूर्वी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. पण ज्या मागणीसाठी ते आयुष्यभर झगडत आले, ती अजूनही कायद्याच्या पुस्तकात उतरलेली नाही. ही मागणी काय आहे, कायदा कुठे थांबतो आणि वऱ्हाडातील या कामाचे पुढे काय, याचा हा आढावा.

वझ्झरमध्ये नेमके काय आहे?

परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर हे गाव आहे. तेथे स्व. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बेवारस बालगृह आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते अंबादासपंत वैद्य हे अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे संस्थापक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शंकरबाबांनी हे बालगृह सुरू केले. रेल्वे स्थानक, बसस्थानक, कचराकुंडी, मंदिराचा ओटा अशा ठिकाणी टाकून दिलेली मुले पोलीस आणि बाल कल्याण समितीमार्फत येथे येत गेली. त्यात दृष्टिहीन, मूकबधिर, बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग आणि एकाहून अधिक व्यंगे असलेली मुले आहेत.

‘१२३ मुलांचा बाप’ अशी शंकरबाबांची ओळख झाली ती केवळ कौतुकाने नव्हे. येथील मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या जागी त्यांचे नाव आहे आणि आडनावही त्यांचेच लागते. यातील बहुतेक जण आता ‘मुले’ राहिलेली नाहीत. ते वयाने मोठे झाले, तरी त्यांना बाहेर काढायचे नाही, हा येथील पहिला नियम. ज्यांना शक्य होते ते शिकले. ज्यांची लग्ने होऊ शकत होती, त्यांची लग्ने लागली. डिसेंबर २०२० मध्ये येथील एका मूकबधिर मुलीचे कन्यादान तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केले, तर वराचे पालकत्व नागपूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे यांनी स्वीकारले. २०२४ मध्ये येथेच वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत यशस्वी झाली. आणि ज्यांना यातले काहीच शक्य नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांनी परिसरात हजारो झाडे लावली, जगवली. ओसाड माळ हिरवा झाला.

शंकरबाबा या कामाकडे कसे वळले?

शंकरबाबा हे संत गाडगेबाबांच्या विचारांचे. ‘देवकीनंदन गोपाला’ या नावाचे मासिक ते चालवत होते. गाडगेबाबांच्या कीर्तनातला हा गजर मासिकाचे नाव झाला आणि उपेक्षितांचे जगणे हा त्याचा विषय. टाकून दिलेल्या मुलांचे पुढे काय होते, याचा माग घेताना त्यांना दिसले की, सुदृढ बाळाला दत्तक पालक मिळतात. दिव्यांग मूल संस्थेतच वाढते आणि अठरा वर्षांचे झाले की त्याचा ठावठिकाणा कोणीच ठेवत नाही. मुलगी असेल तर धोका आणखी मोठा. तेव्हा लेखणी बाजूला ठेवून त्यांनी वझ्झरची वाट धरली.

या परंपरेची मुळे कोठे आहेत?

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अशा कामाचा वारसा जुना आहे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे बालपण गेले ते अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे या आजोळी. मामाच्या घरी गुरे राखत, शेती करत ते वाढले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेत अंध, अपंग आणि महारोग्यांना जेवू घालण्याचे काम त्यांनी सुरू केले. पुढे नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा आहे, तसेच अंध-अपंगांना औषधोपचार आणि गरीब तरुण-तरुणींची लग्ने लावून देणे हेही आहे. वझ्झरमध्ये लग्नांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर येथे सापडते.

दुसरा धागा अमरावतीच्या तपोवनाचा. डॉ. शिवाजीराव उर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळामार्फत शहरालगत ही वसाहत उभी केली. त्या काळी कुष्ठरुग्ण बरा झाला तरी घरचे त्याला परत घेत नसत. म्हणजे औषध मिळाले तरी ‘जायचे कुठे’ हा प्रश्न उरायचाच. पटवर्धनांनी नुसते रुग्णालय न काढता राहायला घर, हाताला काम आणि सोबतीला माणसे असलेले गावच वसवले. रोग वेगळा, काळ वेगळा. अडचण मात्र वझ्झरमधील मुलांसारखीच होती.

अकोल्यातही हा प्रवाह आटलेला नाही. एचआयव्हीबाधित मुलांसाठी तेथे सूर्योदय बालगृह चालते. दृष्टिहीन प्राध्यापक विशाल कोरडे यांनी उभी केलेली दिव्यांग सोशल फाऊंडेशन ही संस्था दिव्यांगांच्या शिक्षण आणि रोजगारासाठी काम करते. या कामांचे स्वरूप निरनिराळे आहे. पण मदत घेणारा मोठा झाला की पुढची सोय काय, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी दार ठोठावतोच.

बेवारस मूल सापडल्यावर काय प्रक्रिया होते?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार असे मूल कोणालाही सापडले तर २४ तासांच्या आत १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बाल कल्याण समिती यांपैकी कोणाला तरी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. दया आली म्हणून मूल परस्पर घरी नेऊन वाढवता येत नाही आणि कोणत्याही संस्थेलाही ते परस्पर ठेवून घेता येत नाही.

समिती पालकांचा शोध घेण्यास सांगते. ते सापडले नाहीत तर मूल दत्तक देण्यास ‘कायदेशीरदृष्ट्या मुक्त’ घोषित केले जाते. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या बाबतीत दोन महिने आणि त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत चार महिने अशी मुदत आहे. येथपर्यंत कायदा सर्व मुलांना सारखाच लागू होतो. फरक पुढे पडतो. दत्तकासाठी नोंदणी केलेल्या पालकांची रांग मोठी असते, पण ती निरोगी आणि लहान बाळासाठी. विशेष गरजा असलेल्या मुलाला देशात पालक मिळणे कठीण, वय वाढत गेले की आणखी कठीण. मग बालगृह हेच त्याचे घर होते.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायदा काय सांगतो?

‘बालक’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती, ही व्याख्या अगदी स्पष्ट आहे. त्यानंतर बाल कल्याण समितीचा अधिकार संपतो. पुढच्या काळासाठी ‘अनुरक्षण’ म्हणजे पश्चात देखभालीची तरतूद आहे. अधिनियमाच्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. ही मदत २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे म्हणजे २३ पर्यंत वाढवता येते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

ही व्यवस्था कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखली आहे, हे तिच्या रचनेवरूनच लक्षात येते. प्रशिक्षण घ्यायचे, नोकरी शोधायची, भाड्याची खोली करायची आणि दोन-तीन वर्षांत पायावर उभे राहायचे, असा तो हिशेब आहे. सुदृढ तरुणासाठीही तो सोपा नाही. पण ज्याचे मानसिक वय चार-पाच वर्षांच्या मुलाएवढेच राहिले आहे, त्याच्या बाबतीत २१ किंवा २३ या आकड्यांना अर्थच उरत नाही. त्याला तात्पुरता पूल नको, कायमचा मुक्काम हवा. शंकरबाबांची मागणी नेमकी हीच आहे. बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही त्याच संस्थेत, ओळखीच्या माणसांत आजीवन राहता यावे, यासाठी कायदा करा, असे ते राज्य आणि केंद्र सरकारला वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

दिव्यांगांसाठीचे कायदे पुरे का पडत नाहीत?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या मुलांचा उल्लेखच नाही, असे नाही. ज्यांना कुटुंब नाही, ज्यांना टाकून दिले आहे किंवा ज्यांना निवारा वा उपजीविकेचे साधन नाही, अशा दिव्यांगांसाठी सुविधा निर्माण कराव्यात, असे कलम २४ मध्ये म्हटले आहे. मात्र त्याच कलमाच्या सुरुवातीला सरकारने हे सारे आपल्या ‘आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ करावे, असे शब्द आहेत. त्यामुळे हक्क कागदावर राहतो आणि निधी नसल्याचे उत्तर देण्याची वाट मोकळी राहते.

दुसरा कायदा राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी तो आहे. जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीमार्फत अठरा वर्षांवरील व्यक्तीला कायदेशीर पालक नेमता येतो. नोंदणीकृत संस्थाही त्यासाठी अर्ज करू शकते. प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ नावाची योजनाही आहे. पण केवळ दृष्टिहीन किंवा केवळ मूकबधिर व्यक्ती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय प्रौढांसाठीच्या निवासी जागा गरजेच्या मानाने मोजक्याच आहेत आणि त्याही मोठ्या शहरांच्या आसपास. अचलपूर किंवा बार्शीटाकळीसारख्या तालुक्यातील मुलाला अशी जागा मिळाली, तरी ती त्याच्या ओळखीच्या जगापासून कोसो दूर असते.

तिसरी अडचण प्रशासकीय आहे. बालगृहे महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतात. प्रौढ दिव्यांगांचा विषय डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहे. म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी माणूस तोच, खाट तीच, औषधेही तीच. पण त्याची फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला हवी. ती जाते कशी, त्या काळातला खर्च कोण देतो आणि संस्थेची मान्यता कोणत्या नियमाखाली, या प्रश्नांवर संस्थाचालकांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

नाव आणि पत्ता एवढे महत्त्वाचे का?

बाहेरून पाहणाऱ्याला वझ्झरमधील आडनावाची गोष्ट भावनिक वाटते. ती त्याहून अधिक व्यावहारिक आहे. आधार कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेचा दाखला, बँक खाते, शिधापत्रिका यातल्या प्रत्येक अर्जात वडिलांचे नाव आणि कायमचा पत्ता हे रकाने असतात. हे रकाने रिकामे राहिले की योजना आहे पण लाभार्थी नाही, अशी अवस्था होते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारे अनुदान २०२५ मध्ये दरमहा २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. पण ते मिळवण्यासाठीही आधी रहिवासी असल्याचा पुरावा लागतो. ज्या तरुणाला अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर पडावे लागले, त्याचा पत्ता त्याच दिवशी खोटा ठरतो.

अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१८ मध्ये घेतला. तो मोलाचा आहे. मात्र त्याचा फायदा घ्यायचा तर परीक्षेपर्यंत पोहोचावे लागते आणि परीक्षेची तयारी करायला चार-पाच वर्षे डोक्यावर छप्पर लागते. वझ्झरच्या मुलीचे यश साजरे करताना हा भाग सहसा सुटतो. अठरा पूर्ण होताच तिला कोणी बाहेर जायला सांगितले नाही, म्हणून ती पदवीपर्यंत आणि पुढे स्पर्धा परीक्षेपर्यंत जाऊ शकली. आजीवन निवासाची मागणी फक्त अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आहे, असा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

नियम सैल केले तर धोका काय?

या मागणीला दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. २०१०-११ च्या सुमारास ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील मतिमंद मुलांच्या काही निवासी संस्थांमधील उपासमार आणि अत्याचारांची प्रकरणे उघड झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि अशा संस्थांवर लक्ष ठेवण्यासाठी समन्वय समिती नेमली गेली. ज्याला बोलता येत नाही, तो तक्रार कशी करणार? ज्याला भेटायला कोणीच येत नाही, त्याचे हाल बाहेर कळणार कसे? आजीवन निवासाची मुभा एखाद्या वाईट संस्थेला मिळाली, तर ती आजीवन कोंडवाडाच होईल.

शिवाय लहान मुले आणि प्रौढ पुरुष एकाच आवारात ठेवणे, मुली आणि मुले यांची स्वतंत्र व्यवस्था, रात्रीची देखरेख हे प्रश्न खरे आहेत. बाल न्याय कायद्याने अठराची रेषा आखली, तीही लहान मुलांच्या सुरक्षेसाठीच. म्हणून वझ्झरमधील व्यवस्था इतरत्र नेताना ‘चांगला माणूस असला की झाले’ एवढ्यावर भागणार नाही. नोंदणी, अचानक तपासणी, बाहेरच्या डॉक्टरांकडून नियमित आरोग्य तपासणी आणि संस्थेशी संबंध नसलेल्या नागरिकांच्या भेटी या अटी कायमच्या निवासाच्या परवानगीबरोबरच यायला हव्यात.

लोकांची मदत कुठे कमी पडते?

वऱ्हाडात दानत कमी नाही. सोंगणी झाली की गव्हाचे, तुरीचे पोते पोहोचवणारे शेतकरी आहेत. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आई-वडिलांची पुण्यतिथी या निमित्ताने एक वेळचे जेवण देण्याची पद्धत अमरावती आणि अकोल्यात चांगलीच रुजली आहे. तेरवीचा खर्च टाळून ती रक्कम संस्थेला देणारी कुटुंबेही आहेत. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची पथके येतात, आवार झाडतात, भिंती रंगवतात.

पण अशा संस्थेचा मोठा खर्च जेवणाचा नसतो, माणसांचा असतो. अंथरूण ओले करणाऱ्या तरुणाचे कपडे रात्री दोन वाजता बदलणारी मावशी, झटके येणाऱ्या मुलाला वेळेवर गोळी देणारी परिचारिका, हातवाऱ्यांची भाषा शिकवणारा शिक्षक, स्नायू आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पुण्यतिथीला पक्वान्न देणारे दहा मिळतात. रात्रपाळीच्या पगारासाठी वर्षभर हजार रुपये देणारा एक मिळणे कठीण. सणासुदीला एकाच दिवशी तीन ठिकाणांहून मिठाई येते आणि आषाढात डायपर संपलेले असतात, हा अनुभव अशा संस्थांना नवा नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही तसेच. कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा असलेल्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. पण त्यांना इमारत, सौर पॅनेल, रुग्णवाहिका अशी दिसणारी आणि एका वर्षात पूर्ण होणारी कामे सोयीची वाटतात. पन्नास वर्षे चालणाऱ्या सांभाळाला ‘प्रकल्प पूर्ण’ असा शेरा कधीच मारता येत नाही.

संस्थापकानंतर काय?

हा प्रश्न विचारायला सर्वांनाच जड जाते, पण तो टाळूनही चालत नाही. शंकरबाबा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे मुलगे-मुली त्यांच्यानंतरही कित्येक वर्षे जगणार आहेत. आपल्या पश्चात या मुलांचे काय, ही चिंता असलेले आई-बाप घरोघरी आहेत. येथे ती चिंता एका माणसाच्या वाट्याला शंभराहून अधिक पटीने आली आहे.

एका व्यक्तीच्या पुण्याईवर उभी राहिलेली संस्था तिच्या पश्चात अडचणीत येते, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. त्याचे एक कारण कागदोपत्री असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा लागतो. विश्वस्तांत वाद असेल तर हा अहवाल वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. तोवर बँकेतल्या व्यवहारांपासून अनुदानाच्या प्रस्तावापर्यंत सारेच अडखळते. दुसरे कारण माणसांचे. संस्थापकाला चेहरा पाहून देणगी मिळते. नंतर आलेल्या व्यवस्थापकाला हिशेब दाखवूनही ती सहज मिळत नाही. वझ्झरला व्यायाम मंडळासारख्या शतकाहून जुन्या संस्थेच्या परंपरेशी नाते आहे, ही जमेची बाजू. अनेक छोट्या संस्थांकडे तेवढाही आधार नाही.

तोडगा काय असू शकतो?

पहिली गरज अठराव्या वर्षी आपोआप बाहेर काढण्याची पद्धत थांबवण्याची आहे. मूल सोळा-सतरा वर्षांचे असतानाच बाल कल्याण समिती, जिल्हा शल्यचिकित्सक आणि स्थानिक समिती यांनी एकत्र बसून ठरवावे. ते स्वतंत्र राहू शकेल का? आधार मिळाल्यास राहू शकेल का? की त्याला आयुष्यभर सांभाळ लागेल? तिसऱ्या गटातील मुलासाठी पालक नेमणूक आणि दिव्यांग कल्याण विभागाकडील नोंद अठरावा वाढदिवस येण्याआधीच झाली पाहिजे. त्याच आवारात प्रौढांसाठी स्वतंत्र इमारत आणि स्वतंत्र नोंदणी असेल, तर मुलांची सुरक्षितताही राहते आणि ओळखीची माणसेही सुटत नाहीत.

दुसरे, दोन विभागांतील खर्चाचा वाद राज्यालाच मिटवता येण्यासारखा आहे. फाइल हलेपर्यंत आधीच्या विभागाने खर्च देत राहावे, एवढा एक शासन निर्णयही मोठा दिलासा देईल. त्यासाठी संसदेत नवा कायदा होण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

तिसरे काम समाजाचे. अमरावती किंवा अकोल्यातील वाचकाने एका संस्थेची निवड करावी, तिचा वार्षिक ताळेबंद मागून पाहावा आणि एका दिवसाच्या अन्नदानाऐवजी दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. पैसे नसतील तर वेळ द्यावा. तोही ठरलेल्या दिवशी, दर आठवड्याला. नियमित येणारा पाहुणा हा बोलू न शकणाऱ्या माणसाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा पहारेकरी असतो. आज काय खाल्ले, अंगावर वळ कसला, कालची मुलगी कुठे गेली, हे त्याच्या लक्षात येते.

गाडगेबाबा कीर्तन करण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत. गावकरीही मग खराटे घेऊन मागे येत. वझ्झरमध्ये एका माणसाने तीस वर्षे खराटा चालवला. त्याला पद्मश्री देऊन सरकारने दाद दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून येणाऱ्या खराट्यांची संख्या किती, हे मात्र तेथील सर्वांत धाकटे लेकरू अठरा वर्षांचे होईल तेव्हाच कळणार आहे.